वाकळ, टकळी आणि मनाची स्वस्थता : पार्श्वभूमी

ऑगस्ट 2019 चा महापूर, त्यानंतर सात-आठ महिन्यांतच आलेली टाळेबंदी आणि 2021 मध्ये पुन्हा पात्राबाहेर पडलेली पंचगंगा, अशा लागोपाठच्या संकटांच्या काळात कोल्हापुरात अनेक घरांतून सुई-दोरा, क्रोशा आणि लोकरीच्या सुया पुन्हा बाहेर निघाल्या. मन थाऱ्यावर राहावे म्हणून हातकाम करावे, हा सल्ला तेव्हापासून अधिक ऐकू येतो. हातकामाचे मोल पैशात मोजावे की करणाऱ्याच्या स्वस्थतेत, हा त्यामागचा वाद मात्र बराच जुना आहे.

या परिसरात हातमाग हा प्रथम पोटापाण्याचा व्यवसाय होता. इचलकरंजीत 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आला, 1906 मध्ये कोल्हापुरात संस्थानच्या पुढाकाराने कापड गिरणीची स्थापना झाली आणि गिरणीचे कापड घरोघरी पोचू लागले. वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, मात्र घरातच शिवली जात राहिली. उन्हाळ्यात शेतीची कामे ओसरली की धुऊन धुऊन मऊ पडलेल्या लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरायचे आणि कडेपासून आत सरकत धावदोरा घालत जायचे, ही तिची रीत. टाका सारखा पडू लागला की हात आपसूक चालतो आणि शेजारी बसलेल्या बाईशी मनातले बोलता येते. त्याला उपचार म्हणण्याची गरज कोणाला वाटली नाही.

वैद्यकाने ही गोष्ट वेगळ्या वाटेने ओळखली. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना रुग्णालयांत टोपल्या विणणे, माग चालवणे अशी कामे दिली जात. त्यातून व्यवसायोपचाराला, म्हणजे हातकामासारख्या कामांतून रुग्णाला सावरण्याच्या उपचारशाखेला, बळ मिळाले आणि मुंबईत 1950 मध्ये त्याचे शिक्षण सुरू झाले.

आपल्याकडे हातकामाविषयीच्या विचारावर सर्वांत खोल ठसा उमटला तो ऑक्टोबर 1937 मधील वर्ध्याच्या शिक्षण परिषदेचा. सात ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण सूतकताईसारख्या एखाद्या मूलोद्योगाभोवती, म्हणजे पायाभूत हस्तोद्योगाभोवती, गुंफावे आणि मुलांनी बनवलेल्या वस्तूंच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार हळूहळू निघावा, अशी ती मांडणी होती. पुढे नेमलेल्या समितीने साडेपाच तासांच्या शाळेतले 3 तास 20 मिनिटे उद्योगाला दिली, तर मातृभाषेच्या वाट्याला अवघी 40 मिनिटे आली. गरीब देशात सरकारी तिजोरीची वाट न पाहता शाळा उघडण्याचा हाच मार्ग आहे, असे समर्थकांचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य होते. शाळेचा कारखाना होईल आणि मुलाच्या श्रमावर शिक्षकाचे घर चालेल, अशी विरोधकांची भीती होती. आर्थिक बाजूवर भर देताना शैक्षणिक बाजू मागे पडण्याचा धोका खुद्द समितीनेही नोंदवला होता. प्रस्तुत लेखकाच्या मते विरोधकांची भीती अधिक खरी होती. टकळीवर, म्हणजे हाताने फिरवायच्या चातीवर, सूत काढणाऱ्या मुलाकडे पाहिले तर हे कळते. पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, धागा ओढताना हात घाईत चालला की सूत तुटते, फार रेंगाळला की पीळ जास्त बसून धागा आखडतो, आणि या दोहोंमधली लय सापडते तेव्हाच मूल शांत होते. सुताचे वजन कोणी तरी करणार आहे हे ठाऊक असले की हात घाईवर येतो.

कोल्हापूर तेव्हा संस्थान असल्याने मुंबई प्रांताचे मूलोद्योग शिक्षणाचे धोरण येथे थेट लागू नव्हते. 1 मार्च 1949 च्या विलीनीकरणानंतर ही स्थिती बदलली. 1964 ते 1966 या काळातील शिक्षण आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. त्यातून पगाराचा हिशेब गेला, पण पुढे शाळाशाळांतून त्याला गुण आणि श्रेण्या चिकटल्या.

अलीकडे या विषयाला संशोधनाचा आधार दिला जातो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात 3,545 विणकाम करणाऱ्यांची उत्तरे होती आणि वारंवार विणणाऱ्यांनी आपण अधिक शांत व आनंदी असल्याचे सांगितले होते. उत्तरे देणारे मुळातच विणकामाचे प्रेमी होते, त्यामुळे त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शिवाय हा लाभ सर्व हातकामाला सरसकट लावणे अन्यायाचे ठरेल. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेची वेणी घालणारा कारागीर मनःशांतीसाठी बसलेला नसतो. त्याला ठरलेल्या मुदतीत माल द्यायचा असतो आणि त्याचा खरा प्रश्न मजुरीचा आहे.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले असून, त्या काळात त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे अशी अपेक्षा आहे. कोल्हापुरात या यादीत वाकळ शिवणाऱ्या आजींना स्थान मिळावे, त्यांच्या वेळेचे मानधन दिले जावे आणि मुलांच्या टाक्यांना गुण देण्याचा मोह शाळांनी टाळावा.