खाचरं, काजू आणि बराकी : गिनी-बिसाऊची पार्श्वभूमी

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी गिनी-बिसाऊच्या लष्करानं सत्ता हाती घेतली. अध्यक्षपदाचं मतदान तीनच दिवसांपूर्वी पार पडलं होतं आणि निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता. अध्यक्ष उमारो सिसोको एंबालो आणि प्रतिस्पर्धी फर्नांडो दियाश, दोघांनीही आधीच आपापला विजय जाहीर करून टाकला होता. दोमिंगोस सिमोएस परेरा यांच्यासारख्या मुरलेल्या विरोधी नेत्याला तर रिंगणात उतरूच दिलं नव्हतं. निकालाच्या दिवशी निकालाऐवजी एका जनरलचा शपथविधी झाला, वर्षभराच्या 'संक्रमणकाळा'साठी. एंबालो सेनेगलला निघून गेले.

आपल्याकडे अशी बातमी वाचली की 'आफ्रिकेत आणखी एक बंड' म्हणून आपण पान उलटतो. बिसाऊच्या बाबतीत तसं करणं सोपंही आहे, कारण तिथल्या बंडांची यादी लांबलचक आहे. पण नुसती यादी पाठ करून हा देश उलगडत नाही. माझ्या मते त्याची सुरुवात भाताच्या खाचरांपासून करायला हवी.

सेनेगल आणि गिनी यांच्या बेचक्यात अटलांटिकला लागून असलेला हा देश ३६,१२५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या कोकण विभागाहून थोडाच मोठा. त्यातही कोरडी जमीन सुमारे २८ हजार चौरस किलोमीटरच. बाकी नद्या, खाड्या आणि खारफुटी. काशेऊ, मान्सोआ, जेबा, कोरुबाल या नद्यांत भरतीचं पाणी आत दूरवर चढतं. किनाऱ्यासमोर बिजागोस द्वीपसमूहाची ८८ बेटं आहेत; वस्ती असलेली त्यातली जेमतेम वीसेक. खाऱ्या पाण्यात डुंबणारे पाणघोडे आणि अंडी घालायला येणारी समुद्री कासवं यांमुळे ही बेटं २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. लोकसंख्या वीस-बावीस लाखांच्या घरात. पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात फुला आणि मांडिंका, बहुतेक मुसलमान. किनारपट्टीला बालांता, मांजाको, पेपेल, आपापल्या देवदेवता आणि पूर्वज मानणारे, काही ख्रिस्ती. सरकारी भाषा पोर्तुगीज, पण बाजारात, बराकीत आणि निवडणुकीच्या सभेत चालते ती क्रिओल.

बालांता शेतकऱ्याची खाचरं म्हणजे 'बोलान्या'. खारफुटी तोडायची, चिखलाचा बांध घालून समुद्राला बाहेर ठेवायचं आणि मग पावसाची वाट पाहायची. जमिनीतलं मीठ धुऊन जायला पहिले काही पावसाळे जातात. बांधातून पोकळ खोडाची नळी काढलेली असते. ओहोटीला ती उघडून जास्तीचं पाणी सोडतात, भरतीला बंद करतात. चिखल उलटायला 'केबिंदे' नावाचं लांब दांड्याचं लाकडी फावडं, टोकाला लोखंडी पात्याची कड. हे काम पुरुषांचं, लावणी बायकांची. गोव्यातल्या खाजन शेतीची किंवा रायगडातल्या खारजमिनीची माहिती असलेल्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही. बांध एकट्यादुकट्याला राखता येत नाही, त्यामुळे गाव एकत्र बांधलेलं असतं. मात्र बालांतांना राजा नव्हता. निर्णय ज्येष्ठांचे, आणि तरुणांच्या वयानुसार फळ्या. ज्याच्याशी तह करावा असा सरदारच न सापडल्यानं पोर्तुगीजांना हा समाज कायम अवघड गेला.

पोर्तुगीज इथे १४४६ च्या सुमाराला आले. १५८८ मध्ये काशेऊची वसाहत वसली आणि पुढची तीन शतकं त्यांचा मुख्य धंदा माणसं विकण्याचा होता. आतल्या भागात तेव्हा काबूचं मांडिंका राज्य होतं. ते १८६७ मध्ये कान्सालाच्या लढाईत फुलांनी बुडवलं. वसाहतीचा कारभार १८७९ पर्यंत केप व्हर्द बेटांवरून चाले. बोलामा बेटावर ब्रिटिशांनीही हक्क सांगितला होता. तो वाद अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी १८७० मध्ये पोर्तुगालच्या बाजूनं मिटवला आणि त्याबद्दल बोलाम्यात त्यांचा पुतळा उभा राहिला. पाच शतकांची सत्ता असं पोर्तुगीज म्हणत, पण किल्ल्यांच्या तटाबाहेर ती फारशी नव्हतीच. मुख्य भूमी खऱ्या अर्थानं ताब्यात आली १९१३ ते १९१५ च्या मोहिमांत, आणि बिजागो बेटं तर १९३६ मध्ये. मग झोपडीपट्टी, वेठबिगार आणि सक्तीचा भुईमूग. हा भुईमूग पोर्तुगालच्या तेल-साबणाच्या कारखान्यांना जाई. 'झोपडीपट्टी' म्हणजे इथे प्रत्येक झोपडीमागे वसूल होणारा कर.

याच काळात १९५३ मध्ये सरकारी नोकरीतल्या एका तरुण कृषितज्ज्ञानं देशाची शेतीगणना केली. बाफाता गावी १९२४ मध्ये केप व्हर्दी आईबापांच्या पोटी जन्मलेला, लिस्बनमध्ये शिकलेला आमिल्कार काब्राल. गणनेच्या निमित्तानं तो गावोगाव फिरला. कोण काय पिकवतं, जमीन कुणाकडे, कुठला समाज लढायला उठेल आणि कुठला नाही, हे त्यानं पाहून ठेवलं. एकाच नगदी पिकानं जमीन कशी खंगते, यावरही त्यानं तेव्हाच लिहिलं. १९५६ मध्ये त्यानं साथीदारांसह पीएआयजीसी हा पक्ष काढला, गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्द दोन्हींच्या स्वातंत्र्यासाठी. ३ ऑगस्ट १९५९ रोजी राजधानी बिसाऊच्या पिजिगिती गोदीत पगारवाढीसाठी संपावर गेलेल्या कामगारांवर गोळीबार झाला, पक्षाच्या म्हणण्यानुसार पन्नासेक माणसं मेली. शहरातला लढा इथेच संपला आणि खेड्यातला सुरू झाला. १९६१ मध्ये पोर्तुगीज वसाहतींतल्या स्वातंत्र्यवादी संघटनांची कासाब्लांकात परिषद भरली तेव्हा काब्रालसोबत गोवेकरही होते. आक्विनो द ब्रागांझा त्यांतले एक. गोवा त्याच वर्षी मोकळा झाला. गिनी-बिसाऊतली सशस्त्र लढाई जानेवारी १९६३ मध्ये तित येथे सुरू झाली.

या लढाईची फौज प्रामुख्यानं बालांता तरुणांची होती. पुढारी मात्र बरेचसे केप व्हर्दी वंशाचे, शिकलेले, शहरी. पुढच्या पन्नास वर्षांचं राजकारण या एका फटीतून झिरपत राहिलं आहे. २० जानेवारी १९७३ रोजी शेजारच्या गिनीची राजधानी कोनाक्री इथे काब्रालचा खून झाला तो त्याच्याच पक्षातल्या माणसांच्या हातून. तरी २४ सप्टेंबर १९७३ रोजी मादिना दो बोएच्या जंगलात स्वातंत्र्य जाहीर झालं, आणि १९७४ च्या लिस्बनमधल्या क्रांतीनंतर पोर्तुगालनं ते मान्य केलं. पण बॉम्बफेकीत कित्येक बांध फुटले होते, खाचरांत खारं पाणी शिरलं होतं. तांदूळ पिकवणारा देश तांदूळ आयात करू लागला.

आमिल्कारचा सावत्र भाऊ लुईस काब्राल पहिला अध्यक्ष झाला. नव्या सरकारनं पैसा घातला तो शहरात. कुमेरे इथे शेंगदाण्यावर प्रक्रिया करणारा एवढा मोठा कारखाना बांधायला घेतला की त्याला पुरेल इतका भुईमूग देशात पिकतच नव्हता. बांधांकडे कुणी पाहिलं नाही. १४ नोव्हेंबर १९८० रोजी, तांदळाची टंचाई असताना, जुना गनिमी सेनानी जुआंव बेर्नार्दो व्हिएरा उर्फ 'नीनो' यानं सत्ता घेतली आणि केप व्हर्दशी एकीचं स्वप्नही संपलं. नीनो पेपेल. १९८६ मध्ये त्यानं पावलो कोरेया या बालांता सेनानीला कटाच्या आरोपाखाली गोळ्या घालायला लावल्या. बराकीतल्या कडवटपणाचा हा पाया. जून १९९८ मध्ये हकालपट्टी झालेला लष्करप्रमुख आन्सुमाने माने उलटला, सेनेगल आणि गिनीच्या फौजा नीनोच्या मदतीला आल्या आणि अकरा महिने राजधानीत लढाई चालली. अध्यक्षांचा वाडा जळाला; चिनी मदतीनं दुरुस्त होईपर्यंत पुढची अनेक वर्षं तो बिनछपराचाच होता. मुक्तिलढ्याची कागदपत्रं आणि ध्वनिफिती जपणाऱ्या संशोधन संस्थेत सैनिकांनी मुक्काम केला आणि त्यातलं बरंच काही पावसाचिखलात गेलं.

पुढचं थोडक्यात. २००० मध्ये लाल टोपीवाले कुंबा इयाला निवडून आले, २००३ मध्ये लष्करानं काढले. २००५ मध्ये नीनो मतदानानं परत आला. मार्च २००९ मध्ये लष्करप्रमुख ताग्मे ना वाये बॉम्बस्फोटात मारला गेला आणि काही तासांत सैनिकांनी नीनोला ठार केलं. २०१२ मध्ये अध्यक्षपदाच्या दोन फेऱ्यांच्या मधोमध बंड झालं. निवडून येऊन मुदत पुरी करणारे पहिले अध्यक्ष जोझे मारियो वाझ, २०१४ ते २०१९. त्यांनीही पंतप्रधान मात्र एकामागून एक बदलले. राज्यघटनेनं अध्यक्ष आणि पंतप्रधान दोघांनाही ताकद दिली होती, आणि भांडण लागलं की निवाडा करायला टपून बसलेलं लष्कर आहे. २००५ च्या सुमारापासून दक्षिण अमेरिकेतलं कोकेन बेटांमधून युरोपकडे जाऊ लागलं. २०१३ मध्ये अमेरिकेनं माजी नौदलप्रमुख बुबो ना चुतो याला भर समुद्रात पकडलं. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हेनेझुएलाहून बिसाऊला उतरलेल्या विमानात दोन टनांहून अधिक कोकेन सापडलं. परदेशी बातम्यांत कोकेनलाच सारी जागा मिळते. गावकऱ्याच्या आयुष्यात मात्र त्याला जागा नाही. तिथे आहे काजू.

ब्राझीलहून काजू पोर्तुगीजांनीच गोव्यात आणला आणि गिनी-बिसाऊतही. पण तिथे त्याच्या बागा देशभर पसरल्या त्या १९८० च्या दशकात, बाजार मोकळा झाल्यावर. व्यापारी गावात आयातीचा तांदूळ घेऊन येत आणि बदल्यात बी नेत. चांगल्या वर्षी किलोला किलो. वाईट वर्षी एका किलो तांदळाला दोन-तीन किलो बी. शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा नव्हता: काजूला बांध लागत नाही, चिखल उपसावा लागत नाही, आणि लावलेलं झाड जमिनीवर हक्कही सांगतं. बांध दुरुस्तीचे दिवस आणि बी वेचायचे दिवस एकमेकांत येतात, तरुण शहराकडे गेलेले असतात, आणि एकदा फुटलेला बांध फुटलेलाच राहतो. बोंडू पिळून बायका त्याची दारू करतात. फेणीसारखी दोनदा काढत नाहीत, नुसती आंबवून पितात.

आज निर्यातीतला सुमारे नव्वद टक्के वाटा काजूचा आहे. मार्च ते जून हा हंगाम, वर्षाला दोन लाख टनांच्या आसपास बी, आणि ती जवळपास सगळी कच्चीच भारत आणि व्हिएतनामला जाते. पोत्यामागे गर जास्त निघतो म्हणून कारखानदारांत बिसाऊच्या बीला मान आहे. कोल्लम आणि मंगळूरच्या कारखान्यांचं आफ्रिकन बीवाचून पान हलत नाही. सिंधुदुर्ग, चंदगड-आजरा आणि गोव्यातही ती येते, आणि आयातीमुळे दर पडतो ही आपल्या बागायतदारांची जुनी तक्रार आहे. पलीकडच्या टोकाला दर हे थेट राजकारणच. सरकार दर हंगामाला किमान दर जाहीर करतं. २०१८ मध्ये अध्यक्ष वाझ यांनी तो एकदम किलोला १,००० सीएफए फ्रँक केला. भारतीय खरेदीदारांनी हात आखडते घेतले, बी गावात पडून राहिली आणि दर खाली आणावा लागला. २०१२ चं बंडही एप्रिलमधलं, ऐन हंगामातलं. त्या वर्षी निर्यात चांगलीच घटली.

बी तिथेच का फोडत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक सरकारला विचारला जातो. भांडवल नाही हे एक उत्तर. विजेची स्थिती अशी की राजधानीला वीज पुरवत होतं किनाऱ्याला नांगरलेलं एक तुर्की जहाज, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये थकबाकीपायी त्यानं पुरवठा तोडताच बिसाऊ अंधारात गेलं. तिसरं उत्तर सहसा कुणी मोठ्यानं देत नाही: कच्ची बी बोटीत चढताना लागणारा निर्यात कर हा सरकारच्या मोजक्या हुकमी उत्पन्नांपैकी आहे, आणि सैनिकांचे पगार त्याच तिजोरीतून होतात.