मशीन तयार, घड्याळ मनाजोगं

बडोद्यात स्वतःच्या हाताने यांत्रिक घड्याळ जुळवून संग्रहात ठेवणारे हौशी आता भेटू लागलेत. डायल एकीकडून मागवलेली, केस, म्हणजे बाहेरची पेटी, दुसरीकडून, काटे तिसरीकडून आणि आत घड्याळ चालवणारं यंत्र, बहुधा जपानच्या सेको कंपनीचं एनएच३५ मशीन. जुने संग्राहक अशा घड्याळाला पाहून नाक मुरडतात. अख्खं घड्याळ एका कंपनीचं नाही, म्हणजे ते अस्सल नाही, असा त्यांचा आक्षेप. मला तो पटत नाही, कारण घड्याळाच्या धंद्याचा इतिहासच त्याच्या उलट साक्ष देतो.

अठराव्या शतकात स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरांत हिवाळ्यात शेती थांबली की घरोघरी सुटे भाग घडायचे. कुणाकडे चाकं, कुणाकडे काटे. व्यापारी ते गोळा करून जुळवून घ्यायचा आणि आपलं नाव घालून विकायचा. आज फ्रान्समध्ये असलेल्या बोकूर गावात फ्रेडरिक जापीने १७७० च्या दशकात यंत्रांवर अर्धवट मशीनं काढायला सुरुवात केली. पुढचं काम ज्याचं त्याने करायचं. अमेरिकेत तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिऱ्हाईक सराफाकडे जाऊन वॉल्थम किंवा एल्गिनचं मशीन वेगळं निवडायचं आणि केस वेगळी, ऐपतीप्रमाणे सोन्याची, चांदीची किंवा निकेलची. मशीनची मापं ठरलेली असल्यामुळे हे जमायचं. आजच्या हौशी माणसाचा सगळा खेळही त्याच ठरलेल्या मापांवर उभा आहे.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या वाटेने आली. यंत्र उघडून समजून घेण्याला बडोद्यात मान होता. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, आणि दादासाहेब फाळकेही तिथे शिकले. रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर हा घड्याळाचा मनोरा १८९६ चा. तेव्हा वेळ बघायची तर मान वर करून. साध्या घरातल्या मनगटावर घड्याळ आलं ते बरंच नंतर, आणि त्यात एचएमटीचा वाटा फार मोठा. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला कारखाना सुरू झाला. सतरा ज्वेलचं, म्हणजे घर्षण कमी करणारे सतरा खडे असलेलं, रोज चावी द्यायचं मशीन. जनता, पायलट अशा कितीतरी मॉडेलांत एकाच घराण्यातलं मशीन असल्यामुळे गल्लीतला घड्याळजी एका घड्याळाचा भाग काढून दुसऱ्याला बसवायचा आणि घड्याळ पुन्हा चालू लागायचं. आज ज्याला छंद म्हणतात तेच काम त्याने पोटासाठी केलं. या छंदाच्या इतिहासात त्याचं नाव कुठे येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

२५ डिसेंबर १९६९ रोजी सेकोने क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन हे सेलवर चालणारं घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत यांत्रिक घड्याळांची मागणी कोसळली. भारतात टायटनने क्वार्ट्झ घरोघरी नेलं. घड्याळजींच्या हाती उरलं सेल बदलणं. गंमत म्हणजे त्याच १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज डॅनियल्स यांनी जवळजवळ सगळे भाग स्वतः घडवून आपलं पहिलं घड्याळ पूर्ण केलं. बुडत्या कलेला माणसं लागतात, तशी ती मिळत राहिली.

२०१६ मध्ये एचएमटीच्या घड्याळांचा कारभार गुंडाळला गेला आणि जुन्या घड्याळांना संग्राहकांत भाव आला. त्याच बाजारात डायल पुन्हा रंगवलेली, तीन-चार घड्याळांचे भाग एकत्र केलेली घड्याळं जुनी म्हणून खपवली जातात. जगभरचे संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भाग मिसळण्यात मला गैर वाटत नाही, ते लपवण्यात वाटतं. स्वतः जुळवलेल्या घड्याळाचा मालक आत काय आहे ते आपणहून सांगतो. आणि चालू स्थितीतली, कुणी हात न लावलेली एचएमटी जनता भागांसाठी फोडू नये, एवढं तरी पाळावं.

छंदाला आजचं रूप आलं ते मशीन सहज मिळू लागल्यावर. स्वॅच समूहाच्या, मशीनं बनवणाऱ्या ईटीए कंपनीने २००२ मध्ये बाहेरच्या कंपन्यांना न जुळवलेली मशीनं देणं थांबवण्याचा इरादा जाहीर केला, तशी पर्यायांची शोधाशोध सुरू झाली. स्वित्झर्लंडमध्ये सेलिटा ही कंपनी पुढे आली. हौशी लोकांना मात्र सेकोचं स्वस्त आणि दणकट एनएच३५ सोयीचं पडलं. २४ ज्वेल, तासाला २१,६०० ठोके, पूर्ण चावीवर साधारण ४१ तास. सेकोच्याच १९९६ च्या एसकेएक्स००७ या डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीच्या, घड्याळाच्या केसमध्येही ते बसतं. त्यातल्या मूळ मशीनला हाताने चावी देता येत नसे, याला देता येते.

कस लागतो तो काटे बसवताना. तासकाट्याचं भोक १.५ मिलिमीटर, मिनिटकाट्याचं ०.९ आणि सेकंदकाट्याचं अवघं ०.२. आधी चावी बाहेर ओढून तारीख पलटेपर्यंत फिरवायची, त्याच क्षणी थांबायचं आणि तास-मिनिटाचे दोन्ही काटे बारावर दाबायचे. इथे घाई झाली तर घड्याळ रात्री अकराला नाहीतर पहाटे दोनला तारीख बदलतं. मग चावी हळूहळू फिरवून काटे कुठे एकमेकांना घासत नाहीत ना, ते भिंगातून पाहायचं. सेकंदकाटा सगळ्यात शेवटी.

घरच्या टेबलावर डायल रंगवता येते, केस घासता येते, काटे तापवून निळे करता येतात. हेअरस्प्रिंग, म्हणजे घड्याळाची चाल नियमित ठेवणारी गुंडाळलेली स्प्रिंग, मात्र बनवता येत नाही. केसापेक्षा बारीक पट्टी, तापमानाला न बधणारा मिश्रधातू आणि काटेकोर गुंडाळी, हे सगळं कारखान्याचं काम. स्वित्झर्लंडमधल्या नामांकित कंपन्याही वर्षानुवर्षं हेअरस्प्रिंग निव्हारॉक्स या कंपनीकडून विकत घेत आल्या आहेत.