दिवा लागतो, पुढची चाकं ढिम्म

जुनी पिकअप चिखलात रुतलेली. फोर व्हील ड्राइव्ह लावला, डॅशबोर्डवर दिवाही लागला. पण मागची चाकं जागच्या जागी गरगरतात आणि पुढची ढिम्म. अशा वेळी पहिला संशय ट्रान्सफर केसवर, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीवर जातो आणि खर्चाच्या धास्तीने पोटात गोळा येतो. माझ्या मते मात्र तिला सगळ्यात शेवटी हात लावावा.

दिव्याचं फार मनावर घेऊ नका. अनेक गाड्यांत तो फक्त ट्रान्सफर केसमधला गिअर सरकल्याचं सांगतो. ताकद तिथून पुढच्या प्रोपेलर शाफ्टवाटे (गाडीखालचा लांब फिरता दांडा) डिफरन्शियलमध्ये (ती डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरची जोडणी) आणि मग दोन ॲक्सलमधून चाकांपर्यंत पोचली की नाही, याची त्याला खबर नसते.

एरवी हा सगळा पसारा उगाच फिरू नये म्हणून पुष्कळ पिकअपमध्ये पुढच्या एकाच बाजूचा ॲक्सल मधोमध तोडलेला असतो. गरजेला एक सरकती कॉलर ते दोन तुकडे जोडते. एकच बाजू तोडून भागतं कसं? साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतं. एका बाजूला अडवणारं काहीच नसेल, तर तिथे टॉर्क जवळपास शून्य, आणि म्हणून दुसरीकडेही शून्य. टू व्हीलवर धावताना जोडलेलं चाक सुलट फिरतं, सुटा तुकडा आतल्या आत उलटा फिरतो आणि प्रोपेलर शाफ्ट थांबून राहतो. युक्ती झकास आहे. पण कॉलर सरकली नाही, तर एका बाजूच्या दोषाने दोन्ही चाकं निकामी होतात.

म्हणून आधी पुढचा प्रोपेलर शाफ्ट पाहायचा. मागची चाकं घसरत असताना सोबत्याने बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं राहून वाकून बघावं; गाडीखाली शिरू नये. शाफ्ट फिरतोय पण चाकं नाहीत, तर दोष ॲक्सलच्या जोडात किंवा हबमध्ये (चाक ॲक्सलला जोडणारा भाग). शाफ्टच थांबलेला असेल, तर ट्रान्सफर केस, तिची मोटर, वायर आणि फ्यूज. त्यातही फ्यूज आधी.

ॲक्सल जोडणारी ही कॉलर काही गाड्यांत विजेवर सरकते, काहींत व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनच्या हवा ओढण्याच्या जोरावर. व्हॅक्यूमचे रबरी पाइप इंजिनच्या उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून कडक होतात आणि तडकतात. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, फोर व्हील लावलेला. अशा वेळी इंजिनजवळ, वरून हात पोचेल तिथे पाइप काढून त्याच्या इंजिनकडच्या टोकावर बोट ठेवा. बोट ओढलं जात नसेल, तर दोष तिथपर्यंतच्या पाइपात किंवा व्हॅक्यूम सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये. ओढलं जात असेल, तर बिघाड त्याच्या पुढे: पुढचा तडकलेला पाइप, कॉलर ओढणारा फाटका रबरी पडदा किंवा गंजून अडकलेली कॉलर.

याच्या उलट तक्रारही ऐकू येते: कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळते. हा बिघाड नव्हे. फोर व्हील खरोखर लागल्याची खूण आहे! पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असलेली गाडी मागच्या ॲक्सलच्या मध्याशी ६ मीटर त्रिज्येने काटकोनात वळली, तर पुढचा ॲक्सल सुमारे १.१ मीटर जास्त चालतो. अशा पिकअपमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नसतं, त्यामुळे हा फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. मातीत चाकं घसरून तो सुटतो. डांबरावर सुटत नाही आणि फोर व्हील काढू म्हटलं तरी निघत नाही. लिव्हरशी झटापट नको. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ उतरला की फोर व्हील आपसूक निघतो.