पुळणीखालचं गोडं पाणी

गेटवे–मांडवा बोटीची सवय असलेल्या माणसाने जर्मनीतल्या यूस्ट बेटाच्या फेरीचं वेळापत्रक पाहिलं, तर तो आधी वैतागेल. बोटीची वेळ रोज वेगळी, आणि कित्येक दिवशी फेरी एकच. यात बोटवाल्यांचा दोष नाही. नॉर्डडाइश बंदर आणि बेट यांच्यामधला समुद्र इतका उथळ आहे की ओहोटीला तिथे नुसता चिखल उघडा पडतो. बोट सुटते ती भरतीच्या पाण्यावर, आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. म्हणजे वेळापत्रक ठरवतो तो चंद्र. चिखलातून गेलेल्या वळणावळणाच्या खोल वाटेने दीड तास लागतो. वाट चुकू नये म्हणून कडेने बर्च झाडाच्या फांद्या रोवलेल्या असतात. थंडीत बर्फाने मोडल्या की पुन्हा रोवायच्या.

उतरल्यावर गाडी नाही. अग्निशमन, रुग्णवाहिका अशी मोजकी वाहनं सोडली तर सगळा कारभार घोडे, सायकली आणि हातगाड्यांवर. किराणा घोडागाडीने येतो, कचराही घोडागाडीनेच जातो. रस्त्यात घोड्यांची लीद पडलेली असते, हेही सांगायला हवं. पर्यटनाच्या फोटोंत ती दिसत नाही.

लोक या शांततेसाठी येतात आणि खूश होऊन जातात. मला मात्र या बेटाची खरी नवलाई त्याच्या नळात वाटते. सतरा किलोमीटर लांब, जेमतेम अर्धा ते एक किलोमीटर रुंद वाळूची ही पट्टी. खडक नाही, नदी नाही, चहूबाजूंनी खारं पाणी. आणि नळाला गोडं पाणी येतं ते बेटाच्याच पोटातून.

हे कसं? वाळूच्या टेकड्यांवर पडलेला पाऊस वाहून जात नाही, जागच्या जागी मुरतो. खालची वाळू समुद्राच्या पाण्याने भिजलेली असते. गोडं पाणी हलकं, खारं जड, त्यामुळे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं. एक घनमीटर गोड्या पाण्याचं वजन 1000 किलो धरलं, तर समुद्राच्या पाण्याचं साधारण 1025. या 25 किलोंच्या फरकातच सगळं गणित आहे. भूजलाची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर तेवढं वजन पेलण्यासाठी गोडं पाणी समुद्रपातळीच्या खाली सुमारे चाळीस मीटर उतरतं. समुद्रातल्या हिमनगासारखाच प्रकार : दिसतो थोडा, बुडालेला असतो पुष्कळ. आकार मधे फुगीर आणि कडांना निमुळता, भिंगासारखा. हा हिशोब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच लष्करी अभियंता बाडोन घायबेन याने मांडला आणि 1901 मध्ये जर्मन अभियंता हेर्झबेर्ग याने स्वतंत्रपणे पुन्हा मांडला. हेर्झबेर्गचं काम होतं नॉर्डरनायच्या पाणीपुरवठ्याचं, म्हणजे यूस्टच्या शेजारच्याच बेटावर.

हिशोब ढोबळ आहे. प्रत्यक्षात गोड्या-खाऱ्याच्या सीमेवर मचूळ पाण्याचा जाड थर असतो, मधे चिकणमाती आली की आकार बिघडतो. पण त्यातली धोक्याची सूचना खरी आहे : उपसा वाढून वरची पातळी दहा सेंटिमीटरने कायमची उतरली, तर कालांतराने खालचं खारं पाणी चार मीटरपर्यंत वर सरकू शकतं. कोकणात किनाऱ्यालगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात त्यामागे बरेचदा हेच गणित असतं. खरं तर पाऊस आपल्याकडे कितीतरी जास्त. या बेटांवर वर्षाकाठी आठशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, रत्नागिरीच्या साधारण चौथा हिस्सा. पण तो बाराही महिने थोडा थोडा पडतो, हवा थंड असल्याने कमी उडतो आणि वाळू तो सोडत नाही. आपला चार महिन्यांत कोसळतो आणि वहाळांतून समुद्राला मिळतो.

पाणी धरून ठेवणारी ही वाळू टिकावी म्हणूनच यूस्टवर वाळूच्या टेकड्यांवर चालायला मनाई असते. टेकडी धरून ठेवतं ते एक उंच, टोकदार गवत. वाऱ्याने वाळू अंगावर टाकली की ते गाडलं न जाता आणखी वर वाढतं आणि नवी वाळू अडवतं. पायाखाली तुडवलं की मात्र मरतं. मग तिथे खिंड पडते आणि उधाणात समुद्र आत येतो. 1651 च्या वादळात यूस्टचे असे दोन तुकडे झाले होते. विसाव्या शतकात समुद्राच्या बाजूला वाळूचा बांध घालून ती फट बुजवली. मागे अडकलेलं खारं पाणी पावसाने हळूहळू गोडं होत गेलं. आज तिथे हामरझे नावाचं तळं आहे, यूस्ट ज्या बेटमालिकेत आहे तिच्यातलं गोड्या पाण्याचं सर्वांत मोठं.

सगळ्याच बेटांना हे साधलेलं नाही. त्याच माळेतल्या बाल्ट्रुम आणि वांगरओगे या बेटांवर पिण्याचं पाणी मुख्य भूमीवरून, समुद्राखालून टाकलेल्या नळाने येतं. गाड्यांना बंदी मात्र तिथेही आहे.