दात आंबले, पण पांढरे झाले नाहीत

लग्न ठरल्यावर दुसऱ्याच आठवड्यात भाचा खानापुराहून बेळगावला माझ्याकडे आला. समोर चहा ठेवला, त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून कप खाली ठेवला. "मामा, दात आंबल्यात. चहासुद्धा लागालाय." चिंचेचा हंगाम नव्हता, कैरीचाही नव्हता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की मोबाइलवर व्हिडिओ बघून पाच दिवस तो लिंबाच्या रसात खायचा सोडा कालवून सकाळ-संध्याकाळ दात घासत होता. का, तर लग्नाच्या फोटोत दात पिवळे दिसू नयेत. "फेस येतोय म्हणजे काम करालंय असं वाटलं की," तो म्हणाला.

'दात आंबणे' हा शब्द मला फार नेमका वाटतो. दातांची झालेली तक्रार त्यात आहे आणि ती कुणामुळे झाली तेही आहे. आंबटामुळे. काय घडतं ते बघायचं असेल तर स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा बघा. लिंबाचा थेंब त्यावर रात्रभर राहिला, तर सकाळी तिथं फिकट, खरबरीत ठिपका दिसतो. कितीही पुसला तरी तो जात नाही, कारण तो डाग नसतोच. तिथला दगडच आम्लानं खाल्लेला असतो.

दाताचं वरचं आवरण, म्हणजे एनॅमल, वजनानं सुमारे 96 टक्के खनिज असतं. हे खनिज कडप्प्यातल्या चुन्याहून वेगळं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं बनलेलं. पण आम्लापुढे तेही विरघळतं. तोंडातला पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण 5.5च्या खाली गेला, की एनॅमलमधून खनिज बाहेर पडू लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच असतो 2 ते 2.5च्या आसपास. पीएचच्या मोजपट्टीवर एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट, त्यामुळे 5.5 आणि 2.5 मधला फरक हजार पटींचा होतो. एकदा-दोनदा लिंबूपाणी प्यायल्यानं झालेली झीज लाळ बऱ्याच अंशी भरून काढते. पण मऊ पडलेल्या थरावर लगेच ब्रश चालवला तर तो थर निघून जातो. एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. नख वाढतं, हाड सांधतं, पण गेलेलं एनॅमल परत येत नाही.

आणि तो फेस? आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, एवढाच त्याचा अर्थ. सोडा-लिंबू प्यायल्यावर येतो तोच बुडबुडा. नुसता सोडा त्या मानानं गरीब आहे. तो मऊ असतो आणि आम्लारी असतो. घात लिंबानं केला होता.

गंमत म्हणजे अशानं दात शेवटी जास्तच पिवळे दिसतात. एनॅमल दुधी काचेसारखं, अर्धपारदर्शक असतं. त्याच्या खाली डेंटिनचा थर असतो आणि त्याचा मूळ रंगच पिवळसर आहे. वरची काच जेवढी पातळ, तेवढा आतला पिवळा जास्त उठून दिसतो. वय वाढलं की एनॅमल झिजतं, आत डेंटिनची भर पडत जाते आणि दात आपोआप पिवळे होतात. त्यात रोग काही नाही. जाहिरातीतला खडूसारखा पांढरा रंग निसर्गात क्वचितच आढळतो.

घासून पांढरं करायची हौस आपल्याकडे जुनीच. राखुंडी होती, विटेची पूड होती, आता कोळशाची पेस्ट आली आहे. कोळशानं दात आतून पांढरे होतात याला भक्कम पुरावा नाही. वरवरचा डाग निघतो, तोही खरवडूनच. निपाणी भागातली माझी आत्ती तंबाखू भाजायची ते मला अजून दिसतं. लोखंडी तव्यावर पानं काळी पडेपर्यंत परतायची, घरभर ठसका, आम्ही पोरं अंगणात पळायचो. मग ती पानं हातावर चुरून डबीत भरायची. मिश्री लावल्याशिवाय तिची सकाळ होत नसे. ती म्हणायची, "दात घट्ट राहतात." खरं तर हिरड्यांतून निकोटिन रक्तात जायचं, त्याची तलफ होती. म्हातारपणी तिच्या दातांची मुळं उघडी पडली होती आणि त्यांवर तपकिरी खाचा होत्या. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं 1992 साली बंदी घातली. पण घरच्या तव्याला कुठला कायदा लागू होणार?

म्हणून भाच्याला मी आधी एकच गोष्ट विचारली: तुझा पिवळेपणा नेमका कुठं आहे, दाताच्या वर की आत?

चहा, पान, तंबाखू, विडी यांचे डाग वर बसतात. काही माउथवॉश दीर्घकाळ वापरल्यानंही तपकिरी छटा येते. क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक असलेल्यांची तर ती ओळखच आहे. हिरडीलगत साचलेलं कीटण हेही बाहेरचंच. हे सगळं दाताच्या डॉक्टरकडे एकदा नीट साफ करून घेतलं की निघतं, आणि निम्म्या लोकांचं समाधान तिथंच होतं असं मला वाटतं. 'साफ केल्यानं दात हलायला लागतात' ही आपल्याकडची ठाम समजूत. कीटण निघाल्यावर त्यानं बुजवलेली फट उघडी पडते, म्हणून तसं वाटतं. दात सैल झालेला असलाच, तर तो कीटणामुळे आधीच झालेला असतो.

आतले डाग वेगळे. उत्तर कर्नाटकाच्या कोरड्या पट्ट्यात काही ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर 1.5, असं भारतीय मानक सांगतं. लहानपणी, जबड्यात दात घडत असताना असं पाणी पोटात गेलं, तर दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे येतात. ते घासून कधीच जात नाहीत. टेट्रासायक्लिन या औषधानंही असंच होतं, म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना ते सहसा देत नाहीत. आणि सगळे दात चांगले असताना एकच दात काळपट पडत चालला असेल, कधीकाळी कबड्डीत किंवा गाडीवरून पडून त्याला मार बसला असेल, तर आतली नस मेलेली असू शकते. तिथं आधी एक्स-रे, रंगाचं नंतर.

आता खऱ्या पांढरं करण्याकडे येऊ. ते समजायला लग्नघरातलीच हळद घ्या. कपड्याला लागलेला हळदीचा डाग साबणानं घासला तर लाल होतो, जात नाही. जास्त घासला तर कापड विरतं. तोच कपडा दोन दिवस कडक उन्हात टाकला की डाग फिका पडतो. हळदीचा रंग ज्या रेणूमुळे असतो, त्यातल्या दुहेरी बंधांची साखळी उजेडानं तुटते. साखळी तुटली की रंग गेला, कापड शाबूत.

दातांच्या बाबतीत हे उन्हाचं काम पेरॉक्साइड करतं. जखमेवर ओतल्यावर फसफसतं तेच हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याचे रेणू इतके लहान, की एनॅमलमधून झिरपून ते डेंटिनपर्यंत जातात आणि रंगीत रेणू तोडतात. सगळ्यात जास्त पारखलेली पद्धत साधी आहे. दातांच्या मापाचा पातळ प्लॅस्टिकचा साचा करून घ्यायचा, त्यात 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल घालायची आणि रात्री लावून झोपायचं. त्यातून साधारण 3.5 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. ही रीत 1989 मध्ये प्रसिद्ध झाली आणि अजून टिकून आहे. फरक दिसायला दोनेक आठवडे लागतात, टेट्रासायक्लिनच्या डागांना कित्येक महिने. दवाखान्यात खुर्चीवर बसवून 25 ते 40 टक्क्यांचं द्रावणही लावतात, हिरड्या झाकून. तासाभरात दात उजळतात, पण त्यातला काही उजळपणा दात कोरडे पडल्याचा असतो. लाळेत भिजले की एक-दोन दिवसांत थोडा उतरतो. निळ्या दिव्याचा झगमगाट मला तरी दुकानातल्या रोषणाईसारखाच वाटतो. दिव्यामुळे अंतिम निकालात फारसा फरक पडत नाही.

त्रास म्हणजे दात शिवशिवतात. बहुतेकांचं ते काही दिवसांत थांबतं. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट वापरली किंवा एक रात्र आड केली तर सुसह्य होतं. कीड असलेल्या दातात मात्र पेरॉक्साइड थेट आतल्या नसेपर्यंत पोचतं, म्हणून आधी तपासणी. युरोपात 2012 पासून 0.1 टक्क्याहून तीव्र पेरॉक्साइड थेट गिऱ्हाइकाला विकता येत नाही, आणि 18 वर्षांखालच्यांना तर ते लावायचंच नाही. गरोदर बाईनंही थांबावं. तंबाखू खाणाऱ्यांनी दातांच्या रंगाआधी गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का ते बघून घ्यावं.

बेळगावात दोन दंतमहाविद्यालयं आहेत, भाच्याला त्यांतल्या एकात पाठवलं. तिथं त्याच्या दातांशेजारी छटांची पट्टी धरून बघितलं. बराचसा रंग चहाचा आणि कीटणाचा निघाला. पुढच्या एका दाताचा टवका मात्र लहानपणी भरलेला होता, आणि तिथं गाडी अडली. भरलेल्या सिमेंटवर किंवा कॅपवर पेरॉक्साइडचा परिणाम होत नाही. दात उजळले की ते ठिगळ उठून दिसणार. ते बदलायचं तर पांढरं केल्यावर दोन आठवडे थांबावं लागतं, कारण पेरॉक्साइड मुरलेल्या दाताला नवं भरण नीट चिकटत नाही. दोन आठवडे साच्याचे, दोन थांबण्याचे. आणि आधी आंबलेले दात शांत व्हायला हवे होते. मुहूर्त तर महिन्यावर आलेला.

त्यानं नुसते दात साफ करून घेतले. हळदीच्या दिवशी बहिणींनी त्याला कपाळापासून गळ्यापर्यंत माखून टाकलं. त्या फोटोत त्याचे दात जाहिरातीतल्यासारखे पांढरे दिसतात. शेजारी एवढा पिवळा रंग असल्यावर दिसणारच की.