विस्तारित पुनर्प्रकाशन (हेवी मेटल अल्बम)

एखादा जुना, मान्यता पावलेला अल्बम मूळ गाण्यांसह आणि त्यांच्या जोडीला पूर्वी अप्रकाशित राहिलेले किंवा इतरत्र विखुरलेले साहित्य घालून पुन्हा बाजारात आणण्याच्या प्रथेला विस्तारित पुनर्प्रकाशन म्हणतात. जोडसाहित्यात डेमो (कच्ची प्राथमिक मुद्रणे), न वापरलेले टेक (एकाच गाण्याचे वेगवेगळे मुद्रण-प्रयत्न), केवळ सिंगलच्या (एक-दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीच्या) मागील बाजूस आलेली गाणी, त्या काळातील मैफलींची ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे व टिपणे असलेली पुस्तिका यांचा समावेश होतो. ही प्रथा जॅझपासून पॉपपर्यंत सर्वत्र आढळते. हेवी मेटलमध्ये मात्र ती अधिक वादग्रस्त ठरते, कारण या संगीतात गिटारचा खरखरीत पोत, ड्रम्सचा आघात आणि एकूण ध्वनीचे वजन ही चालीइतकीच महत्त्वाची अंगे असतात आणि जुन्या टेपवर केलेली लहानशी प्रक्रियाही परिचित गाणे बदलून टाकू शकते.

प्रथेचे मूळ बरेचसे माध्यमात आहे. लाँग प्ले तबकडीवर साधारण ४० ते ४५ मिनिटांचे संगीत समाधानकारक दर्जाने बसत असे. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कची क्षमता सुमारे ७४ मिनिटांची होती. १९७० च्या दशकातील अल्बम डिस्कवर आणल्यावर जवळजवळ अर्धी जागा रिकामी राहू लागली आणि ती भरण्यासाठी कंपन्यांनी कपाटे उघडली. पुढे संगीत इंटरनेटवरून ऐकले जाऊ लागल्यावर निष्ठावंत चाहत्याला विकण्याजोगी वस्तू म्हणून भरगच्च बॉक्स सेट पुढे आले.

ध्वनीच्या दृष्टीने दोन प्रक्रियांमध्ये फरक करावा लागतो. रीमास्टरिंगमध्ये आधीच तयार असलेल्या दोन चॅनेलच्या अंतिम मिश्रणाचा समतोल आणि पातळी नव्याने ठरवली जाते. रीमिक्सिंगमध्ये प्रत्येक वाद्य आणि आवाज स्वतंत्रपणे साठवलेल्या मल्टिट्रॅक टेपकडे परत जाऊन मिश्रणच नव्याने केले जाते. पहिल्या प्रक्रियेत एकटे बेस गिटार वर उचलता येत नाही, दुसरीत येते. १९७० आणि १९८० च्या दशकांतील काही टेपवरील बंधकद्रव्य (चुंबकीय थर फितीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ) दमट होऊन चिकट बनते. अशा टेप वाजवण्यापूर्वी सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेत काही तास ठेवाव्या लागतात, अन्यथा चुंबकीय थर यंत्रावरच खरवडून निघतो. इतकी काळजी घेऊन मिळवलेला ध्वनी नंतर केवळ मोठा वाटावा म्हणून त्यातील चढउतार दाबून सपाट केल्याची उदाहरणे या क्षेत्रात कमी नाहीत, आणि जुन्या तबकड्यांना आजही मागणी असण्याचे ते एक कारण आहे.

पुनर्प्रकाशन कोणत्या थराला जाऊ शकते हे गायक ऑझी ऑस्बर्नच्या 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' (१९८०) आणि 'डायरी ऑफ अ मॅडमन' (१९८१) या अल्बमांच्या बाबतीत दिसून आले. २००२ च्या आवृत्त्यांमध्ये बॉब डेझली यांचे बेस आणि ली कर्स्लेक यांचे ड्रम्स काढून टाकण्यात आले आणि त्या जागी रॉबर्ट ट्रुहिलो व माइक बॉर्डिन यांचे नवे वादन बसवण्यात आले. डेझली आणि कर्स्लेक यांनी मानधनाच्या हक्कांवरून ऑस्बर्न पक्षाशी न्यायालयीन वाद चालवला होता, ही या बदलाची पार्श्वभूमी होती. गिटारवादक रँडी ऱ्होड्स १९८२ मध्ये विमान अपघातात मरण पावला होता, त्यामुळे त्याचे वीस वर्षांपूर्वीचे वादन अशा साथीवर वाजू लागले जी त्याने कधी ऐकलीच नव्हती. दोन्ही नवे वादक कसलेले होते, पण दोष त्यांच्या हातांचा नव्हताच. मूळ साथीदार ऱ्होड्सच्या वाक्यांना जिथे उत्तर देतात, तिथे नव्या मुद्रणात केवळ मोजून दिलेली साथ ऐकू येते. श्रोत्यांच्या नाराजीनंतर २०११ च्या आवृत्त्यांमध्ये मूळ बेस आणि ड्रम्स परत आले. त्याच वेळी 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ'ला 'गुडबाय टू रोमान्स' या गाण्याचे केवळ गिटार आणि गायन असलेले मिश्रण जोडण्यात आले. ऑझीबरोबर ऱ्होड्सचे दोनच स्टुडिओ अल्बम असल्याने त्याच्या बोटांचे काम असे उघडे ऐकायला मिळणे मोलाचे आहे. जोडसाहित्याने मूळ कृती समजायला मदत करावी ही अपेक्षा येथे पुरी होते.

याच्या उलट टोकाला मेटॅलिकाचा '...अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) आहे. त्यात जेसन न्यूस्टेडचे बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, ही तक्रार तीन दशके चालू होती. २०१८ च्या विस्तारित आवृत्तीत मात्र अल्बम रीमास्टर झाला, रीमिक्स झाला नाही. तो ज्या काळात जसा घडला तसाच राहावा, अशी संगीतकारांची भूमिका होती. मेगाडेथच्या 'रस्ट इन पीस' (१९९०) च्या २००४ मधील रीमिक्समध्ये मूळ गायनाच्या काही टेप सापडल्या नाहीत, म्हणून गायक डेव्ह मस्टेनने ते भाग पुन्हा गायले. दोन वेगळ्या वयांचे आवाज एकाच अल्बममध्ये आले.

डीप पर्पलचा 'मशीन हेड' (१९७२) या चर्चेत नेहमी येतो. हा संघ मेटलचा पूर्वज मानला जातो. स्वित्झर्लंडमधील मोंत्रो येथील कॅसिनो ४ डिसेंबर १९७१ रोजी अमेरिकी संगीतकार फ्रँक झापाच्या मैफलीत आगीत भस्मसात झाल्यावर अल्बमचे मुद्रण रिकाम्या ग्रँड हॉटेलात फिरत्या स्टुडिओच्या साहाय्याने झाले. १९९७ च्या दोन डिस्कच्या आवृत्तीत बेसवादक रॉजर ग्लोव्हर यांनी केलेली नवी मिश्रणे आहेत. मूळ मुद्रिकेत 'स्मोक ऑन द वॉटर'चा आवाज हळूहळू विरत नेला आहे. टेपवर मात्र वादन पुढेही चालू होते, आणि नव्या मिश्रणात त्यापुढचे क्षणही ऐकू येतात. त्या वेळी सिंगलच्या मागील बाजूस गेलेले 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' हे संथ गाणेही या आवृत्तीत आहे.

सगळेच जोडसाहित्य असे उपयुक्त नसते. जुडास प्रीस्टच्या 'ब्रिटिश स्टील' (१९८०) च्या २००१ मधील आवृत्तीत १९८० च्या दशकाच्या मध्यातील एक मुद्रण आहे. त्याचा मूळ अल्बमशी ना काळाचा संबंध, ना ध्वनीचा. ब्लॅक सॅबाथच्या 'पॅरानॉइड' (१९७०) च्या २००९ मधील आवृत्तीतील गायनविरहित मुद्रणे अधिक काही देतात, कारण त्यांत गीझर बटलर यांचे बेस टोनी आयोमी यांच्या गिटारमागे दडत नाही. मेटॅलिकाच्या 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) चा २०१७ मधील बॉक्स सेट तर तीन तबकड्या, दहा सीडी, दोन डीव्हीडी आणि एका कॅसेटचा आहे. त्यातील कॅसेटवर सप्टेंबर १९८६ मधील स्टॉकहोमची मैफल आहे. बेसवादक क्लिफ बर्टनची ती अखेरची ठरली, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे स्वीडनमध्येच झालेल्या बस अपघातात तो मृत्यू पावला.

जोडलेले गाणे शेवटी ठेवावे की क्रमात मिसळावे, याचेही एकमत नाही. आयर्न मेडनच्या 'द नंबर ऑफ द बीस्ट' (१९८२) मध्ये 'टोटल एक्लिप्स' नव्हते. ते सिंगलच्या मागील बाजूस होते. १९९८ च्या आवृत्तीत ते अखेरच्या गाण्याच्या आधी घालण्यात आले, २०१५ च्या रीमास्टरमध्ये मूळ आठ गाण्यांचाच क्रम परत आला, आणि २०२२ च्या तबकडीवर 'गँगलँड' काढून त्याच्या जागी 'टोटल एक्लिप्स' बसवण्यात आले. त्या दोहोंतून १९८२ मध्ये केलेली निवड चुकली, असे बेसवादक स्टीव्ह हॅरिस यांचे मत होते.