छोट्या मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टाकीचं माहितीपत्रक: समुद्रघोडा का नाही आणि भर कशाची घालायची

दुकानात शिरल्या शिरल्या होणारा पहिला प्रश्न आता आम्हाला पाठ झाला आहे. मोबाइल पुढे येतो. त्यात बरणीएवढ्या टाकीत, गवताच्या पात्याला शेपटीचा वेटोळा घालून उभा असलेला नखाएवढा समुद्रघोडा दिसतो. मग विचारणा होते, "ह्यो घोडो तुमच्याकडे गावता काय ओ?"

गावणा नाय. मागवूनही देणार नाही. याचं कारण दर वेळी काउंटरवर उभं राहून सांगत बसलो की मागच्या गिऱ्हाइकाचा मासा पिशवीत ताटकळतो, म्हणून ते इथे छापलं आहे. त्याच्या पुढे पाण्याची भर घालण्याबद्दल लिहिलंय. समुद्रघोड्यात रस नसेल तर तो भाग सोडा, पण भरीचा भाग टाकी घेणाऱ्या प्रत्येकाने वाचा.

समुद्रघोडा

व्हिडिओतली ती जात आपल्याकडची नव्हे. फ्लोरिडाच्या किनाऱ्याला आणि मेक्सिकोच्या आखातात, उथळ पाण्यातल्या समुद्री गवतात ती राहते. शास्त्रीय नाव हिप्पोकॅम्पस झोस्टेरी, पूर्ण वाढलेली जेमतेम इंचभर. आपल्या समुद्रातले समुद्रघोडे तिच्यापेक्षा कितीतरी मोठे, आणि ट्रॉलच्या जाळ्यात ते अधूनमधून येतात. त्यामुळे "जाळ्यातलो एखादो बघा ना" असंही कोणीतरी हळूच सुचवतं. भारतात २००१ पासून समुद्रघोड्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच ही. धरणं, विकणं सोडाच, वाळवून शोकेसमध्ये ठेवणंही अंगाशी येतं. परदेशातून आणावा म्हटलं तर सगळे समुद्रघोडे २००४ पासून साईट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि आपल्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. तेव्हा कुरिअरने डब्यातून समुद्रघोडा पाठवतो असं कोणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका. जाळ्यात जिवंत मिळाला तर तिथल्या तिथे पाण्यात सोडा. जाता जाता हेही सांगतो: टाकीत शोभेला म्हणून प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका, त्यांनाही हाच कायदा लागतो.

कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी हा प्राणी सोपा नाही. समुद्रघोड्याला जठरच नसतं. खाल्लेलं भराभर पुढे सरकतं, म्हणून तो दिवसभर खात राहतो. त्या छोट्या जातीला अंड्यातून नुकताच फुटलेला जिवंत आर्टेमिया (कोळंबीच्या गोतातला ठिपक्याएवढा जीव) दिवसातून दोन-तीनदा लागतो. नर पोटावरच्या पिशवीत अंडी वागवतो, दहा-बारा दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि पहिल्या दिवसापासून तीही आर्टेमियाच खातात. तिकडची हौशी मंडळी त्यांची वीण घरी वाढवू शकतात ती यामुळे. पण एवढं खाद्य टाकीत फिरत राहिलं की हायड्रॉइड नावाचा धाग्यासारखा जीव फोफावतो. तो डंख मारतो, आणि पिल्लं त्यातच जातात. प्राणी लहान, टाकी लहान, म्हणजे काम कमी, असा हिशेब मांडून जे येतात त्यांना आम्ही पहिल्यांदा हे ऐकवतो.

टाकी जितकी लहान तितकं तिचं पाणी लवकर बिघडतं. क्लाऊनफिशच्या, म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशाच्या, टाकीलाही हेच लागू आहे. तो मासा मात्र आम्ही विकतो, आणि हॅचरीत जन्मलेलाच विकतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचं तंत्र आपल्या देशात बसवलेलं आहे, तेव्हा समुद्रातून धरलेली जोडी घेण्याचं काही कारण उरत नाही.

भर घालणं आणि पाणी बदलणं

आमचं खरं दुखणं हे आहे. गेल्या उन्हाळ्यात कणकवलीकडचे एक गृहस्थ पिशवीत दोन क्लाऊनफिश घेऊन आले. मासे पिशवीच्या तळाशी, कल्ले भराभर हलतायत, खाणं चार दिवस बंद. टाकीतल्या गोगलगायी आधीच गेल्या होत्या. मासा तुम्ही आजारी दिलात, असं त्यांचं म्हणणं. आम्ही विचारलं, पाणी?

"पाणी रोज नेमान भरतंय."

"कसला पाणी?"

"समुद्राचाच. मासो समुद्रातलो ना?"

त्यांनी पाणीही आणलं होतं. रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे पाण्याची खारटी मोजायच्या नळीच्या, काचेवर दोन थेंब टाकले, झाकण मिटलं, उजेडाकडे धरलं. निळ्या-पांढऱ्याची रेघ ३५ वर यायला हवी, ती ४६ वर होती. त्यांच्याकडेच बघायला दिलं. त्यांनी दोनदा पाहिलं, चष्मा काढून तिसऱ्यांदा पाहिलं.

झालं होतं ते असं. टाकीतून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. मीठ जागच्या जागी राहतं. समजा तुमची दोन फुटी टाकी ६० लिटरची आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे टाकीत २,१०० ग्रॅम. वर पंखा चालू असेल तर एप्रिल-मेमध्ये आमच्या पडवीतल्या अशा टाकीतून रोज लिटरभर पाणी उडतं. ती तूट समुद्राच्या पाण्याने भरली की रोज ३५ ग्रॅम मीठ जास्तीचं पडतं. दहा दिवसांत ३५० ग्रॅम, आणि ३५ ची खारटी ४१ वर. तीन आठवड्यांत ४७. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पातळीही बरोबर असते, म्हणून कोणाला संशयही येत नाही. २०० लिटरच्या टाकीत एवढं व्हायला दोन महिने लागले असते. लहान टाकी तेवढी सवड देत नाही.

गोंधळ होतो तो दोन कामांना एकच नाव दिल्यामुळे. उडालेल्या पाण्याची भर घालायची ती गोड्या पाण्याने, रोज सकाळी. टाकीच्या मागच्या काचेवर पाण्याच्या रेषेला चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा आणि तिथपर्यंतच भरा. पाणी बदलायचं ते मात्र आठवड्यातून एकदा: सहा लिटर काढायचं आणि तेवढंच, तितक्याच खारटीचं मीठपाणी घालायचं. एवढं कळलं तर आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी बंद होतील.

गोडं पाणी म्हणजे आरओचं. विहिरीचं का नको, असं विचारतात. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल उजाडला की मचूळ होतात. ते पाणी घातलंत तर पुन्हा मीठच घातल्यासारखं, शिवाय त्यात आणखी काय असेल ते वेगळंच. पावसाचं पाणी चालतं, पण पागोळ्यांखाली धरलेलं नको. पहिल्या चार सरी जाऊ द्या, मग अंगणाच्या मधोमध प्लास्टिकचं घमेलं ठेवा. आणि कोणतंही पाणी तांब्याच्या कळशीत साठवू नका. घरात माणसांसाठी तांबं चांगलं म्हणून कोणी कौतुकाने भरून ठेवतं, पण तेवढ्या तांब्याने टाकीतली कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

खारटी चढलीच असेल तर एका दिवसात खाली आणायला जाऊ नका. ६० लिटरच्या टाकीतून रोज दीड लिटर पाणी काढायचं आणि तेवढंच गोडं पाणी सावकाश, धारेने सोडायचं. रोज सुमारे एक अंकाने उतरते. ४१ वरून ३५ वर यायला आठवडा धरा. कणकवलीच्या त्या माशांपैकी एक वाचला. दुसऱ्याला उशीर झाला होता.

पावसाळ्यात सगळं उलटं होतं. हवा दमट, पाणी उडतच नाही, काही दिवस भर लागतही नाही. सवयीने रोज तांब्याभर ओतत राहिलात तर खारटी उतरते. पट्टी बघा, मगच हात घाला. समुद्राचं पाणी आणून बदलणाऱ्यांनी तर जूनपासून थेट नारळीपौर्णिमेपर्यंत कॅन घरीच ठेवावा. खाड्यांतून गढूळ गोडं पाणी किनाऱ्याला येऊन मिसळतं, त्याच्या खारटीचा भरवसा नसतो. इतर वेळीही जेटीवरून भरू नका, बोटींचं डिझेल असतं. सरळ सांगायचं तर पाकिटातलं मीठ आरओ पाण्यात कालवून वापरणं आम्हाला जास्त पसंत आहे. हो, ते आम्ही विकतो. पण मीठ आमच्याकडूनच घ्या असं नाही, तेच मीठ दुसरीकडे मिळालं तरी चालेल.

वीण हवी असेल तर

समुद्रघोड्याचा बाप पिल्लं वागवतो याचं जे नवल आहे, ते थोडंफार क्लाऊनफिशमध्येही बघायला मिळतं. जोडीत जो मोठा ती मादी, लहान तो नर. मादी गेली तर नरच पुढे मादी होतो. अंडी सांभाळण्याचं काम बहुतेक नराकडे: परांनी वारा घालतो, तोंडाने साफ करतो, खराब झालेलं अंडं खाऊन टाकतो. अंडी घालायला आम्ही मंगलोरी कौलाचा हातभर तुकडा देतो. जुनं कौल असेल तर शेवाळ घासून, आठवडाभर आरओ पाण्यात भिजवून घ्या. लहान वयाची जोडी घेतलीत तर वर्ष-दीड वर्ष थांबायची तयारी हवी. मग एका सकाळी कौलावर नारिंगी ठिपक्यांची चकती दिसते. दोन-तीन दिवसांत ती काळपट पडते, शेवटी त्यात चंदेरी डोळे चमकायला लागतात. २७ अंशांच्या आसपास सात-आठ दिवस लागतात आणि अंडी फुटतात ती रात्री, दिवे मालवल्यावर तासा-दोन तासांत.

इथे समुद्रघोडा सोपा आणि क्लाऊनफिश अवघड. क्लाऊनफिशच्या पिल्लांचं तोंड इतकं लहान की पहिल्या दिवसांत त्यांना आर्टेमियाही मोठा होतो. रोटिफर नावाचे त्याहून बारीक जीव लागतात, आणि रोटिफरना खायला हिरवं शैवाल. आठवड्याभराने आर्टेमिया सुरू होतो. पहिली खेप बहुधा हातची जाते, आमच्याही पहिल्या तीन गेल्या. रोटिफरची सुरुवातीची बाटली आम्ही देतो, पण अंडी दिसल्यावर फोन करून उपयोग नाही. आधी दोन आठवडे सांगा.

आर्टेमियाचं थोडक्यात: दोन लिटरची थंड पेयाची बाटली बूड कापून उलटी टांगा. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम खडेमीठ, ग्रॅमभर अंडी, तळापासून जोराची हवा आणि वर दिवा. चोवीस तासांत नारिंगी धुरळा दिसतो. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा: फोलपटं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात, मधलं नळीने काढून बारीक जाळीत गाळा, गोड्या पाण्याने विसळा आणि मग टाकीत सोडा. बाटलीतलं मीठपाणी टाकीत ओतू नका, कारण वर सांगितलंच आहे. अंड्यांचा डबा घट्ट झाकणाचा घेऊन फ्रीजमध्ये ठेवा. जुलैत स्वयंपाकघराच्या फळीवर राहिलेली अंडी फुटत नाहीत, आणि मग "तुमची अंडी फुटणा नाय" म्हणून पुन्हा आमच्याच दारात.

आमच्या दोन अटी

टाकी नेलीत त्या दिवशी मासा मिळणार नाही. टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर त्यात मासा घालणं म्हणजे त्याला त्याच्याच विष्ठेच्या अमोनियात ठेवणं. यावरून आमच्याशी भांडून दुसरीकडे गेलेली गिऱ्हाइकं आहेत, त्यांतली काही परतही आली. दुसरी अट अशी, की मासा न्यायला येताना तुमच्या टाकीचं पाणी बाटलीत घेऊन यायचं. आम्ही तुमच्यासमोर तपासतो, त्याचे पैसे घेत नाही, टाकी आमच्याकडून घेतलेली नसली तरी.

बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही घरात असू द्या. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ येऊन गेलं तेव्हा इथे कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती, आणि आमच्याकडचे पंप दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपले होते. आता आठवणीने जास्तीचे मागवून ठेवतो. रिफ्रॅक्टोमीटर घरी घ्यावा असं आमचं मत आहे. तरंगत्या काट्याच्या हायड्रोमीटरला बुडबुडा चिकटला तरी तो खोटं बोलतो. घ्यायचा नसेल तर निदान पहिले दोन महिने दर आठवड्याला पाणी दाखवून जा. सोमवारी बाजार बंद, बाकी रोज सकाळी दहा ते एक.

बाटली पिण्याच्या पाण्याची, कोरडी आणा. मागच्या महिन्यात एका वहिनींच्या पाण्याची खारटी ६० च्या वर दिसली आणि आम्ही सगळेच घाबरलो. बाटली कोकम सरबताची होती, नीट धुतली नव्हती. रिफ्रॅक्टोमीटरला साखर काय नि मीठ काय, दोन्ही सारखीच.